पेट्रोल इकडचं, बाळंतपण तिकडचं

आमचे इवाई नागपूरहून भिलाईला आले की चपला काढता काढताच पेट्रोलचा भाव सांगायचे. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. आमच्या विदर्भाकडच्या घरांत हाच शब्द चालतो. कसे आहात, बरे आहात, हे सगळं नंतर. आधी तिकडे काय भाव, इकडे काय भाव, लिटरमागे किती वाचले. येताना टाकी जवळजवळ कोरडी ठेवून यायची आणि जाताना इकडून भरून न्यायची, असा त्यांचा नेम होता. एकदा टाकी इतकी कोरडी ठेवली की सरहद्द यायच्या आधीच गाडी बंद पडली. मग बायकोला भर उन्हात गाडीपाशी उभं करून हे बाटली घेऊन छत्तीसगडच्या पंपापर्यंत चालत गेले. महाराष्ट्राचा पंप मागे हाकेवर होता. ही गोष्ट त्यांनीच आम्हाला सांगितली, हसत हसत, स्वतःचंच कौतुक करत. बायको शेजारी बसून पाणी पीत होती.

खरं सांगायचं तर दोन राज्यांची तुलना हा भिलाईतल्या आम्हा मराठी घरांचा जुनाच विरंगुळा आहे. माझे वडील रेल्वेत होते, दुर्गच्या मोहन नगरात मी वाढले, आणि लग्न होऊन भिलाईत आले ती स्टील प्लांटमधल्या कारकुनाच्या घरी. आयुष्य इथं गेलं, पण "आपल्याकडे" म्हटलं की आम्हाला नागपूर दिसतं. दिवाळीला कुणी नातेवाईक आला की विजेचं बिल निघतं, घरपट्टी निघते, गाडीवरचा कर निघतो. तिकडे रस्ते कसे, इकडे तांदूळ कसा मिळतो, कुणाच्या सरकारनं बायकांना काय दिलं. चहा संपेपर्यंत बोलायचं आणि कप उचलले की विसरायचं. मीही यात तोंड घालते. माझी जीभ तिखट आहे आणि ती मी कुठल्याही सरकारसाठी आवरत नाही.

इवायांचं मात्र तसं नव्हतं. ते नागपुरात एका सरकारी कचेरीत हिशेब तपासायला होते. जन्मभर दुसऱ्यांच्या बिलांवर लाल पेनानं खुणा केल्या. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी दोन राज्यं घेतली. आमच्या मुलीचं लग्न भिलाईत झालं, कारण इकडे हॉल आणि केटरर स्वस्त पडत होते, हे त्यांनीच ठरवलं. लग्नाची नोंद मात्र नागपुरात, कारण ते पुढे कामी येतं, हेही त्यांनीच ठरवलं. मुलीची आई म्हणून मी मान डोलवली. मुलीच्या आईनं मान डोलवायची असते असं मला लहानपणापासून शिकवलेलं आहे, आणि त्या शिकवणीचा मला आज तिटकारा आहे.

मुलीला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. सातव्या महिन्यात ती भिलाईला आली. रिसालीकडे आम्ही निवृत्तीनंतर छोटं घर बांधलं आहे, त्यातली कूलरची खोली मी तिच्यासाठी रिकामी केली. डॉक्टरबाई ओळखीच्या निघाल्या, दुर्गच्याच. दर पंधरा दिवसांनी दाखवायचं ठरलं. सगळं नीट चाललं होतं. लेक दिवसभर झोपायची, उठली की कैरी मागायची, आणि मला म्हणायची की आई, तुझ्या हातचं वरण खाल्लं की पोटातलं शांत बसते. मी खूश होते.

डोहाळजेवणाला इवाई आले. सोबत जावई, आणि गुडघे दुखत असूनही विहीणबाई. लेकीला हिरवी साडी नेसवली होती, बायका ओटी भरत होत्या, आणि पुरुष बाहेरच्या खोलीत बसले होते. तिथून इवायांचा आवाज येत होता. मी जिलेबीचं ताट घेऊन गेले, तेव्हा ते माझ्या नवऱ्याला समजावत होते. ते वाक्य मी विसरणार नाही. ते म्हणाले, "तुमच्या इथं कर कमी हाय, अन् आमच्या इथं सरकार खर्च जास्त करते. मंग माणसानं काय करावं? पेट्रोल इकडचं भरावं, अन् पोरगं तिकडं जन्माले घालावं."

सगळे हसले. जावईही हसला. माझा नवरा सर्वांत मोठ्यानं हसला. मला वाटलं चेष्टा आहे, म्हणून मीही जरा हसले आणि ताट ठेवून आत आले.

ती चेष्टा नव्हती. नववा लागला आणि नागपूरहून फोन सुरू झाले. इवायांचं म्हणणं असं की मूल महाराष्ट्रात जन्मलं पाहिजे. इकडे जन्मलं तर पुढे तिकडच्या कॉलेजात "बाहेरचं" ठरेल. तिकडे मेडिकल कॉलेजं जास्त, जागा जास्त, सरकार शिक्षणावर ओततं. मुलगी झाली तर तिच्या नावानं तिकडचं सरकार देतं ते वेगळंच. अजून ज्याचं नाक-तोंड कुणी पाहिलं नाही, त्याला या माणसानं डॉक्टरकीला बसवलं होतं. नुसत्या जन्मगावावर जागा मिळत नसतात, दहावी-बारावी कुठं केली तेही बघतात, हे माझ्या भाच्याच्या वेळी मी स्वतः पाहिलं होतं. मी तसं फोनवर म्हणालेही. ते म्हणाले, "विहीणबाई, नियम बदलत राह्यते. जन्म बदलत नाई."

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी लेकीचं प्रेशर तपासलं आणि त्यांची भुवई वर गेली. पाय सुजले होते, चप्पल बसत नव्हती. मीठ कमी करा, रोज प्रेशर बघा, लांबचा प्रवास अजिबात नको, असं त्यांनी सांगितलं, आणि हे सांगताना माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे पाहून सांगितलं. तो "हो, हो" म्हणाला. घरी येताना रिक्षात तो मला विचारत होता की महाराष्ट्रात मेडिकल कॉलेजं खरंच इतकी आहेत का.

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझा नवरा वाईट माणूस नाही. पण तीस-पस्तीस वर्षं त्यानं प्लांटमध्ये एका टेबलावर काढली, तिथं त्याला कुणी मत विचारलं नाही. आता एक माणूस त्याला राज्याच्या कारभाराबद्दल मत विचारत होता. तो फुलला. रोज सकाळी दोन पेपर घेऊन बसायला लागला. कुठल्या राज्याचं बजेट कसं, कुठला कर चढला, कुठला उतरला, हे तो चहाच्या वेळी मला वाचून दाखवायचा. जन्मभर नागपूरला "आपल्याकडे" म्हणणारा हा माणूस आठ-पंधरा दिवसांत छत्तीसगडला "आमचं राज्य" म्हणायला लागला. भिलाईतल्या खुर्सीपारच्या रस्त्यांना शिव्या घालताना मी त्याला शेकडो वेळा ऐकलं होतं. आता तेच रस्ते त्याच्या तोंडी गोड झाले.

वैशाखात एका रविवारी इवाई आणि जावई गाडी घेऊन आले. न्यायलाच आले होते, पण तसं म्हणाले नाहीत. म्हणाले की बसून बोलू. दुपारी जेवणं झाली आणि दोघं व्याही बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसले. एकाच्या हातात मोबाईल, दुसऱ्याच्या मांडीवर पेपरांची चळत. माझ्या नवऱ्यानंच म्हटलं, "इवाई, आपण मुद्द्यानं बोलू. ज्या राज्यात पोराचं भलं जास्त, तिथं बाळंतपण. मले मान्य हाय." आणि दोघांनी हात मिळवले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. शेताच्या बांधाचा निकाल लावावा तशी ही दोन म्हातारी माणसं माझ्या लेकीच्या बाळंतपणाचा निकाल लावायला बसली होती, आणि जिचं बाळंतपण ती आतल्या खोलीत उशीवर पाय ठेवून पडली होती.

मग सुरू झालं. पेट्रोल झालं, तिथं माझा नवरा जिंकला. वीज झाली, इकडे बिलात सूट मिळते म्हणून पुन्हा आमचा जिंकला, आणि मांडीवर थाप मारून हसला. इवायांनी बसच्या तिकिटाचा मुद्दा काढला, तिकडे बायकांना अर्धं तिकीट. माझ्या नवऱ्यानं तांदूळ काढला. इवाई म्हणाले, तांदूळ काय, तुम्ही रेशनवर खाता काय? नवऱ्यानं घरपट्टी काढली. मग दवाखान्याचं कार्ड, मग मुलींच्या योजना, मग रस्ते. मी ताक नेऊन ठेवलं, कुणी पाहिलं नाही. जावई मधे बसून कधी बापाकडे, कधी सासऱ्याकडे मान वळवत होता. मी त्याला खुणेनं आत बोलावलं आणि विचारलं, तुझ्या बायकोचं प्रेशर काल किती होतं, माहीत आहे? त्यानं मान खाली घातली. म्हणाला की बाबांच्या बोलण्यात तथ्य आहे, आई, आपल्याला पुढचं बघावं लागते.

मला त्या क्षणी त्या तिघांची किळस आली. त्या खोलीत दोन राज्यांचे सगळे कर झाले, सगळा खर्च झाला, पण प्रेशर हा शब्द एकदाही आला नाही. मी आत जाऊन म्हटलं की डॉक्टरबाईंनी प्रवास नको सांगितला आहे. इवाई हसले आणि म्हणाले की गाडीत एसी आहे, रस्ता सिमेंटचा आहे, केंद्राचा पैसा आहे त्यात. माझ्या नवऱ्यानं मला हातानं गप्प राहायची खूण केली, कारण त्याचा मुद्दा अर्धवट राहत होता.

शेवटी कॉलेजांवर गाडी आली. तिथं माझ्या नवऱ्यानं पेपर चाळले, चष्मा पुसला, थोडं इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला की हा मुद्दा तुमचा खरा आहे. खेळात हरलेला माणूस दिलदारपणा दाखवतो तसा. इवायांनी त्याचा हात हातात घेतला. आमच्या लेकीचा निकाल लागला होता.

मी नवऱ्याला आत बोलावून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, "अवं, दवाखान्यातच नेऊन राहिले, जंगलात नाई. अन् मी शब्द देला." मी म्हटलं, शब्द तुमचा, पोट तिचं. मी इवायांच्या समोर जाऊन सरळ नाही म्हणणारच होते, पण लेकीनं माझा पदर धरला. ती हळू आवाजात म्हणाली की आई, मला त्याच घरात राहायचं आहे, तू भांडून मोकळी होशील, नंतर वर्षानुवर्षं मलाच ऐकावं लागेल. तिचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं होतं म्हणूनच माझा संताप आणखी वाढला. मी एवढंच ठरवलं की मी सोबत जाणार. मुलीची आई बाळंतपणासाठी मुलीच्या सासरी जाऊन राहते हे आमच्याकडे शोभत नाही. न शोभू दे.

सोमवारी सकाळी निघालो. ऊन तेव्हाच चढलं होतं. पुढे इवाई आणि जावई, मागे मी आणि लेक. तिचे पाय मी माझ्या मांडीवर घेतले. राजनांदगावच्या अलीकडेच ती म्हणाली की डोकं दुखतंय. एसी वाढवला. राजनांदगाव मागे पडलं तेव्हा तिनं डोळे मिटले. मी विचारलं तर म्हणाली, "आई, डोकं फटून राहिलं. आँखों के सामने काहीतरी चमकून राहिलं." तिचा चेहरा लाल झाला होता आणि बोटं फुगली होती, अंगठी रुतली होती. मी पुढे सांगितलं की गाडी परत घ्या, राजनांदगावला दाखवू. इवाई म्हणाले की आता थोडंच राहिलं, सरहद्द ओलांडली की देवरीला दाखवू, तिथं दाखवलं तर सगळे कागद एकाच राज्याचे होतील.

सरहद्दीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पंप लागतात. महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्या तिथं रांग लावतात. इवायांनी गाडी रांगेत घातली.

मी म्हटलं, इवाई, पेट्रोल राहू द्या. ते म्हणाले, दोन मिनटं. जावई म्हणाला, दोन मिनिटं, आई. पुढे ट्रक होता, त्याच्या पुढे दोन मोटारी. लेकीनं माझा हात घट्ट धरला होता आणि तिच्या हाताला घाम सुटला होता. आमचा नंबर आला. टाकी फुल्ल करा, असं इवायांनी सांगितलं. मशीन आपोआप थांबलं. ते खाली उतरले, पंपावरच्या माणसाला म्हणाले की अजून जाते, थांब. आणि त्यांनी दोन्ही हात डिकीवर ठेवून गाडी वर-खाली दाबायला सुरुवात केली.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. काही माणसं असं करतात. गाडी हलवली की टाकीतली हवा निघते आणि थोडं आणखी पेट्रोल मावतं, असं त्यांचं म्हणणं. मी लोकांना स्कूटर हलवताना पाहिलं आहे. पण आत नववा लागलेली बाई बसलेली असताना मोटार हलवणारा माणूस मी तेव्हाच पाहिला. त्यांनी जावयाला हाक मारली. तो गेला आणि दुसऱ्या बाजूनं दाबायला लागला. बापाला त्यानं एवढंच विचारलं, बाबा, ती आत आहे ना? मागची काच अर्धी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं. इवाई म्हणाले, "बसू दे तिले. उतरायचा तरास कावून द्यायचा?"

त्यांनी हे काळजीनं म्हटलं. दोघं बापलेक जोर लावून गाडी दाबत होते, आणि आत माझी लेक त्या हिसक्यांनी मागेपुढे होत होती. तिनं एका हातानं पोट धरलं होतं. मग ती माझ्या अंगावर ओकली.

मी दार उघडून उतरले. साडी तशीच. मागे गेले आणि म्हटलं, "इवाई, हात काढा गाडीवरून." त्यांनी काढला नाही, म्हणाले की झालंच. मग मी त्यांचे हात धरून बाजूला केले. मुलीच्या आईनं व्याह्याला हात लावला, भर पंपावर, लोकांच्या देखत. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही आणि आजही वाटत नाही. मी म्हटलं, "तुमच्या टाकीत जेवढं मावते तेवढं भरा. माझी पोरगी इथंच उतरून राहिली."

पंपाच्या केबिनमध्ये एक बाई हिशेबाला बसत होती. तिनं काचेतून सगळं पाहिलं होतं. ती स्वतः बाहेर आली, लेकीला धरून सावलीत नेलं, पंख्याखाली गादी टाकली आणि फोन करून सरकारी ॲम्ब्युलन्स बोलावली. इवाई तेव्हाही मागे उभे राहून म्हणत होते की तिकडची बोलावू, सरहद्द इथंच आहे, फोन करून विचारतो. ती बाई छत्तीसगढीत त्यांना काहीतरी म्हणाली. सगळं मला कळलं नाही, पण त्यांनी फोन खिशात घातला.

ॲम्ब्युलन्स आली. मी लेकीसोबत चढले. जावई दारापाशी येऊन उभा राहिला, एक पाय पायरीवर ठेवला, मागे वळून बापाकडे पाहिलं. मग म्हणाला की बाबा एकटे कसे येतील, मी गाडीतून मागोमाग येतो. दार लागलं. लेकीनं ते ऐकलं होतं.

राजनांदगावच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मुलगी होती, माझ्या लेकीपेक्षाही लहान वाटली. प्रेशर बघितल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. तिनं मला एकच विचारलं, "इन को इस हालत में सफ़र किसने कराया?" मी काय सांगणार. दोन राज्यांच्या करांची तुलना करून तिला गाडीत घातली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी म्हटलं, घरवालों ने. लगेच ऑपरेशन करावं लागेल, दोघांनाही धोका आहे, असं तिनं स्पष्ट सांगितलं, आणि लेकीला आत नेलं.

बाहेर बाकावर मी बसले होते. साडीला वास येत होता. मी कुठल्या देवाचं नाव घेतलं ते आठवत नाही. मला फक्त माझी लेक जिवंत हवी होती. मूलही नंतर. हे आईनं म्हणू नये कदाचित, पण मला तसंच वाटत होतं.

दोघी वाचल्या. मुलगी झाली. अगदी बारीक, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. संध्याकाळी लेकीला वॉर्डात आणलं. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली सूज, पण शुद्धीवर. मी कापसानं तिचे ओठ ओले करत होते. मी तिला सांगितलं की मुलगी आहे, तुझ्यासारखंच कपाळ आहे. ती हसायचा प्रयत्न करत होती.

तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आले. माझा नवरा भिलाईहून शेजाऱ्याच्या गाडीनं पोचला होता. इवाई आणि जावई दुपारपासून खाली होते. मला वाटलं, नवरा त्यांना जाब विचारतो आहे. आता तरी बाप जागा झाला, असं क्षणभर वाटलं. मी कान देऊन ऐकलं. भांडण नव्हतंच. इवाई म्हणत होते की जन्माची नोंद तिकडे करता येते का, ते एका ओळखीच्या माणसाला विचारून राहिले. आणि माझा नवरा म्हणत होता, "आता काय विचारता, इवाई. आखिर आमच्याच राज्यात झालं ना? अन् एक पैसा लागला नाई. ॲम्ब्युलन्स फुकट, ऑपरेशन फुकट. सांगा, तुमच्या इथं झालं असतं काय असं?"

त्याच्या आवाजात आनंद होता. मुलीचा नाही, नातीचा नाही. रविवारी हरलेला मुद्दा सोमवारी परत मिळाल्याचा.

बोलत बोलतच तिघं आत आले. इवाई खाटेच्या पायथ्याशी, जावई त्यांच्या मागे, आणि माझा नवरा हातात शहाळं घेऊन उशाशी. इवायांनी लेकीकडे पाहून, बरं झालं, निभावलं, असं म्हटलं आणि लगेच नवऱ्याकडे वळून पुढचं वाक्य सुरू केलं की तिकडेही फुकटच असते, फक्त कार्ड लागते. नवरा म्हणाला, तेच तर, कार्ड लागते. शेजारच्या खाटेवरची बाई डोकं उचलून त्यांच्याकडे पाहायला लागली.

लेकीनं माझा हात दाबला. तिचा आवाज फार बारीक होता, पण स्पष्ट होता.

"आई, या तिघाइले बाहेर काढ."

मी उठले. इवाई आधी निघाले, त्यांना अपमान पटकन कळतो. जावई बायकोकडे पाहत थोडा थांबला, ती पाहत नाही हे बघून निघाला. माझा नवरा मात्र तिथंच उभा राहिला. त्याला वाटलं आपल्याला नाही म्हटलं. शहाळं टेबलावर ठेवत तो म्हणाला, "मी तं तिचा बाप हावो."

लेकीनं त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवसभरात तिनं पहिल्यांदाच कुणाकडे असं नीट पाहिलं असेल.

"बाबा, ते तं परके लोक होते. तुमी मले पाठवलं."

शहाळं तिथंच राहिलं. तो बाहेर गेला आणि मी दार लावून घेतलं.